पायान बघ

अण्णा तोंडाला साबण लावायला लागले की मी न्हाणीच्या दाराबाहेर येऊन उभी राहते. मी तिथे आहे हे त्यांना कळलेलं चालत नाही, म्हणून हातात उगाच केरसुणी नाहीतर वाळत घालायचा पंचा असतो. साबण झोंबू नये म्हणून माणूस डोळे मिटतो. अण्णांनी डोळे मिटले की ते हलायला लागतात. आधी किंचित, वारा नसतानाही पोफळीचा शेंडा हलतो तसे, आणि मग एकदम एका अंगाला. गेल्या श्रावणात असे गेले ते थेट भाण्यावर. पाणी अजून तापायचं होतं म्हणून निभावलं.

कान ठीक आहेत, चक्कर येत नाही, रक्तदाबही कुरकुर करण्यासारखा नाही. एवढंच, की पाय कुठे आहेत हे त्यांना आतून कळत नाही. डोळे उघडे असले की पाय दिसतात, त्यावर काम चालतं. डोळे मिटले की खालचं सगळं जातं.

अण्णा ३४ वर्षं पोस्टमन होते. देवगड तालुक्यातल्या आमच्या पंचक्रोशीत सात वाड्या, मधे दोन कातळी सडे आणि एक खाडी, हे सगळं त्यांनी पायांनी केलं. सायकल शेवटच्या काही वर्षांत आली, आणि ती बहुतेक वेळ हातात धरून ते चढणच चढत. रात्री कंदील न घेता पाखाडी उतरणारा माणूस. कुठली पायरी हलते, कुठल्या पायरीवर शेवाळ धरतं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. तेच अण्णा आता एक हात भिंतीला लावून दुसऱ्या हातानं साबण लावतात, आणि एका हातानं तो नीट लागत नाही म्हणून साबणावर चिडतात.

मधुमेह होऊन २० वर्षं झाली. तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्या बाईंनी खणातून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर धागा, आमच्याकडे मासे गरवायला वापरतात तसा. हा धागा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा; वाकला की १० ग्रॅमचा दाब पडला असं धरतात. तेवढंही ज्याला कळत नाही त्याला काटा, खडा, काच काहीच कळणार नाही.

"डोळे मिटा, आणि लागलं की 'हो' म्हणा," डॉक्टर म्हणाल्या.

मी समोर स्टुलावर बसून बघत होते. धागा दहा वेळा टेकला. अण्णा अकरा वेळा 'हो' म्हणाले. त्यातले तीनच 'हो' धागा टेकलेला असताना आले. बाकीचे मधूनमधून, बाईंचा खोळंबा होऊ नये अशा बेतानं. मला आधी हसूच आलं. अण्णांचा हा जन्माचा शिष्टाचार. समोरचा वाट बघतोय म्हटल्यावर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही.

येताना एसटीत मी म्हटलं, "अण्णानू, नाय कळला तर नाय म्हणायचा ना!"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माका खरांच वाटला, लागला म्हणान."

आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच: "पायांचा टपाल बंद झाला. पत्तो बरोबर आसा, पण पोस्टमन येणा नाय."

टपालाचा विनोद पुढे त्यांनी वाडीत सगळ्यांना ऐकवला. पण ते 'खरांच वाटला' माझ्या मनात अडकून बसलं. धागा टेकला नव्हता. तळव्याकडून काही आलेलं नव्हतं. तरी अण्णांना तो लागला होता. मग मला दिवसभरात जे जे लागतं, त्यातलं खरोखर आलेलं किती, आणि मी शिष्टाचार म्हणून 'हो' म्हटलेलं किती?

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं पाठ करतो. अण्णांचं जे हरवलंय ते त्या पाचांत धड बसत नाही. अंधारात घास बरोबर तोंडात जातो, पायरी किती उंच आहे हे पाऊल उचलतानाच गुडघ्याला माहीत असतं, ते कशानं? चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०६ मध्ये याला प्रोप्रियोसेप्शन असं नाव दिलं. त्यातल्या 'प्रोप्रियस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'स्वतःचं'. कुठला स्नायू किती ताणलाय, कुठला सांधा किती वळलाय, याच्या बातम्या क्षणोक्षणी मणक्यातून वर जात असतात. त्या आपल्या कानी येत नाहीत. 'हा माझा पाय, तो इथे आहे' एवढा निकाल तेवढा हाती पडतो. मधुमेहात सगळ्यात लांबच्या नसा आधी आजारी पडतात, म्हणून सुरुवात तळव्यांपासून. (वीजसुद्धा लांबच्या वाडीचीच आधी जाते, हे अण्णांचं भाष्य.) मोरिट्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरनं १८४०च्या दशकात एक साधी परीक्षा लिहून ठेवली: पाय जुळवून उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचं, आणि माणूस डोलतो का ते बघायचं. अजूनही तीच करतात. तोंड धुताना तोल जाणं ही तर अशा माणसांची ठरलेली तक्रार.

मी एरवी पुण्यात असते. हिशेबाचं काम करते, ते लॅपटॉपवर कुठूनही होतं, म्हणून या हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी गावी आले. रात्री पडवीत झोपते. डॉक्टरांकडून आल्यावर एका रात्री ठरवलं की अंथरुणावर अजिबात हलायचं नाही. बघू काय होतं ते.

पंधरा-वीस मिनिटांत गंमत सुरू झाली. टाचा गोधडीला टेकल्यात एवढं कळत होतं, पण टाच कुठे संपते आणि गोधडी कुठे सुरू होते ते सांगता येईना. उजवा हात पोटावर आहे याची मला आठवण होती, खबर नव्हती. बाहेर समुद्राची गाज चालली होती. दिवसा ती ऐकू येत नाही; रात्री वाडी निजली की माडांवरून थेट घरात शिरते. समुद्र घरापासून पाऊण मैलावर, हे मला ठाऊक आहे. पण ते ठाऊक असणं घटकाभर बाजूला ठेवलं तर त्या आवाजाला अंतर नव्हतं. तो तिकडे किनाऱ्यावरही नव्हता आणि इकडे कानातही नव्हता. आवाज होता, आणि तो ऐकत पडलेली कुणी वेगळी बाई त्या अंधारात मला सापडत नव्हती.

मग डास चावला. इतका वेळ गायब असलेली पोटरी डासाला अचूक सापडली, आणि तिच्यावर चापट मारणारा हातही.

स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं १७३९ मध्ये याच धर्तीचं काही लिहून ठेवलंय. स्वतःत डोकावलं की ऊब नाहीतर गारवा, उजेड नाहीतर सावली, दुःख नाहीतर सुख, असं काही ना काही हाताला लागतं. या सगळ्यावाचून नुसता 'मी' कधीच लागत नाही, असं त्याचं म्हणणं. ह्यूमला डास चावत नसावेत. नाहीतर त्याला तो तत्काळ सापडला असता.

नाताळच्या सुट्टीत भाचरं आली. त्यांना माझ्या आजीची एक युक्ती दाखवली. मधलं बोट तर्जनीवर चढवून तिढा घालायचा, त्या तिढ्याच्या बेचक्यात मिरीचा दाणा धरायचा आणि डोळे मिटून टेबलावर गोल फिरवायचा. दाणे दोन लागतात. डोळे उघडले की एक, मिटले की दोन. ॲरिस्टॉटलनं ही गोष्ट दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी टिपली होती. आजीला ती तिच्या आजीनं शिकवली होती. तिढा घातलेली तीच बोटं नाकाच्या शेंड्यावर फिरवली तर नाकं दोन होतात. धाकटा भाचा अर्धा तास नाक चोळत बसला आणि मग जरा घाबरून विचारता झाला, "मावशी, मग माझं खरं कुठलं?"

त्याला मी सांगितलं नाही, पण अमेरिकेत मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन या दोघांनी १९९८ मध्ये याच्या पुढचं करून दाखवलं होतं. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात मांडला, आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत मऊ कुंचला फिरवला. थोड्या वेळानं लोकांना कुंचला रबरी हातावरच लागू लागला, तो हात आपलाच वाटू लागला. अण्णांच्या त्या जास्तीच्या आठ 'हो'ची मला आठवण झाली. यावरून 'मी म्हणजे निव्वळ भ्रम' असं उरकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. दोन नाकं लागली म्हणून नाकच नाही असं होत नाही. पण 'माझं' हे शिवून तयार केलेलं कापड आहे आणि त्याची शिवण कुठे कुठे दिसते, एवढं मान्य करायला हवं.

मुळे, म्हणजे खाडीच्या रेतीतले शिंपले, काढायला मी ३० वर्षांनी गेले. शेजारची काकी म्हणाली, चल. पौर्णिमा होऊन गेलेली, द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा हिशेब. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती रात्री दीडला आणि सुकती सकाळी साडेसातच्या सुमारास. उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी चांगलं लांबवर ओसरतं. मी हिशेबनीस असून मोबाइलवर शोधत होते, काकीनं बोटांच्या पेरांवर काढून आधी सांगितलं.

खाडीचं पाणी सकाळी बोचरं गार असतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरलो. वर वीतभर पाणी स्वच्छ, खाली पाऊल पडलं की गढूळ होऊन सगळं दिसेनासं होतं. मी वाकून वाकून बघत होते, दिसेल तिथे हात घालत होते. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या हाताला लागलं ते असं: दगड, दगड, रिकामा शिंपला, प्लॅस्टिकचं बूच, दगड.

काकी माझ्याकडे पाठ करून पुढे सरकत होती. पाऊल उचलत नव्हती. टाच दाबायची, चवडा डावीउजवीकडे फिरवायचा, अर्धी वीत पुढे. नजर पलीकडच्या काठावर, तोंडानं सुनेच्या माहेरची हकीकत. मधेच बोलणं न थांबवता वाकायची, कोपरापर्यंत हात खाली, आणि पाटीत टण्णकन मुळा. एकदा तिनं मागे वळून माझी गंमत बघितली.

"डोळ्यान नाय गो बाय. पायान बघ."

मी नजर उचलली. पलीकडे तिवरांची रांग होती, एक बगळा होता. पायांना काही कळेना. चप्पल-बूट-मोज्यांत चाळीस वर्षं काढलेले पाय. त्यांना 'खाली काहीतरी आहे' यापलीकडे बोलता येत नव्हतं. मग हळूहळू एकेक सुटं व्हायला लागलं. वरचा चिखल सायीसारखा, बोटांच्या बेचक्यांतून वर येणारा. त्याच्याखाली रेती, जराशी खरखरीत, आणि वरच्या चिखलाहून गार. रेतीत दगड असला तर तो गोल लागतो आणि सरकतो. रिकामा शिंपला कडेनं टोचतो, पण दाबला की हलका, खाली चिखल भरलेला, बसका. आणि मग अंगठ्याच्या जरा मागे, चवड्याखाली, काहीतरी मिटलेलं. जड. त्याला बाक होता आणि एका बाजूला बारीक धार. तळवा तिथे आपसूक थांबला. हात खाली घातला. मुळा होता, मुठीत मावेल एवढा, घट्ट मिटून घेतलेला.

दुसरा लवकर लागला. तिसरा त्याच्या शेजारीच. नंतरचे मोजले नाहीत. किती वेळ गेला तेही नाही. पोटरीभोवती पाण्याची एक गार कडी होती, ती सुकतीबरोबर हळूहळू खाली उतरत होती. मानेवर ऊन. काकीचा आवाज कधी होता, कधी नव्हता. खाली रेती, गोल, खरखर, धार, मिटलेलं. मुळे काढणारी मी आणि काढले जाणारे मुळे अशी वाटणी त्यात कुठेच पडलेली नव्हती. हे सगळं आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा काहीच सुचत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

मग मनात आलं: अरे, जमलं की मला!

आणि त्याच पावलाला कालव कापलं. दगडाला चिकटलेल्या कालवाची धार ब्लेडसारखी असते. त्या क्षणी मी नाव-आडनावासकट, पुण्याच्या पत्त्यासकट परत आले. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं याचाही हिशेब सुरू झाला. काकीनं जखम खाडीच्याच पाण्यात धुतली, म्हणाली, कायएक होणा नाय. दुपारी मुळ्यांची एकशिपी केली. अण्णांनी दोनदा घेतली.

आमच्या गावात मोबाइलची रेंज सड्यावरच चांगली मिळते, म्हणून ऑफिसचे कॉल मी वर जाऊन घेते. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. पावसात तो फुलांनी भरतो. पौषात नुसता काळा-तांबूस आणि त्यावर वाळक्या गवताची पिवळी लव. रेंज जिथे भरून येते तिथून वीसेक पावलांवर कातळशिल्प आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी शेकड्यांनी आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब. २०२२ मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमचं कुठल्याच यादीत नाही. पांडवांनी एका रात्रीत काढलं असं गावात सांगतात. पांडवांना कोकणात दुसरं कामच नव्हतं बहुधा. एका मोठ्या चौकोनात कुणालाच न उलगडलेली नक्षी, आणि बाजूला दोन पाय. उकिडवे, गुडघ्यांत बाहेर फाकलेले, कमरेपर्यंत. वर काही नाही. झिजून गेलेलं नाही, कोरलेलंच नाही. असे कमरेशी संपणारे पाय इतर ठिकाणच्या कातळशिल्पांतही पुन्हा पुन्हा येतात. ते बघून मस्तक नसलेली लज्जागौरी देवी आठवावी.

लहानपणापासून मी समजत आले की या पायांचं डोकं काढायचं राहून गेलं. यंदा एक कॉल फार लांबला. ऊन चढलं, मी तिथेच कातळावर उकिडवी बसले, पलीकडून कुणीतरी जीएसटीच्या परताव्याबद्दल बोलत होतं, आणि कंटाळून मी खाली बघितलं. दोन पावलं. दोन गुडघे, बाहेर फाकलेले. कमरेपर्यंत सलवारीचा घोळ. वर काही नाही.

मी कातळावरच्या पायांकडे बघितलं, मग परत माझ्या.

हे शास्त्र नव्हे, आधीच सांगून टाकते. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याच्याबरोबर गेलं. पण दगडावर दगड मारत उकिडवं बसलेल्या त्या माणसाला स्वतःचं जेवढं दिसत होतं तेवढंच त्यानं कोरलं असेल, ही कल्पना काही केल्या जाईना.

असं चित्र कागदावर काढणारा एक माणूस मला ठाऊक होता. एर्न्स्ट माख, ज्याच्या नावानं विमानांचा वेग मोजतात तोच शास्त्रज्ञ. १८८६ मध्ये त्यानं स्वतःचं चित्र छापलं, ते डाव्या डोळ्यातून जसं दिसतं तसं: वर भुवईची कमान, बाजूला नाकाचा डोंगर, खाली मिशीचे केस, पुढे अंग आणि लांब पसरलेले पाय, पेन्सिल धरलेला हात, आणि समोर खिडकी. डोकं नाही. पुढे डग्लस हार्डिंग या इंग्रज वास्तुविशारदाला या चित्रानं झपाटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो हिंदुस्थानात होता. आपल्याला आपलं डोकं कधीच दिसत नाही, एवढीच साधी गोष्ट धरून त्यानं १९६१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आणि उरलेलं आयुष्य लोकांना बोट दाखवायला शिकवण्यात घालवलं. बोट आधी समोरच्या वस्तूकडे करायचं, मग स्वतःच्या पावलांकडे, गुडघ्यांकडे, पोटाकडे, आणि शेवटी जिथे लोकांना आपला चेहरा दिसतो तिकडे. ऐकीव काही सांगायचं नाही. तिथे आत्ता काय दिसतंय ते सांगायचं.

कॉल संपल्यावर मी ते केलं. बोट समुद्राकडे. बोट नक्षीच्या चौकोनाकडे. माझ्या चपलेकडे, जिच्या पट्ट्याखाली कालवाच्या जखमेची पट्टी होती. गुडघा. पोट. मग बोट वळवून स्वतःकडे. बोटाचं पेर मोठं आणि धूसर झालं. त्याच्या अलीकडे नाकाची एक पुसट कड, एका डोळ्याला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे. आणि त्याच्याही अलीकडे काही नाही. काळोखसुद्धा नाही. काळोख असता तर तो दिसला असता. जिथे बाकीच्यांना माझा चेहरा दिसतो त्या जागी सगळा सडा होता, कडेची करवंदीची जाळी, आणि विजयदुर्गाच्या बाजूचं पांढुरकं आभाळ.

"डोक्या फिरला काय गो तुझा?"

वाडीतले एक आबा गुरं घेऊन मागून आले होते. भर उन्हात, उकिडवी, स्वतःच्या नाकाकडे बोट करून बसलेली पोस्टमनची मुलगी त्यांनी बघितली होती. काय उत्तर देणार? डोकं असल्याचीच खात्री करत होते.

हार्डिंगचं सगळं मला पटत नाही. त्याचा खेळ डोळ्यांचा आहे. संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावर मान दुखायला लागते, कपाळाला बाम चोळावा लागतो, तेव्हा डोकं नाही असं म्हणायची काही सोय राहत नाही. पण माझा चेहरा ही मला कधीच थेट न मिळालेली गोष्ट आहे, हे खरं. आधार कार्डावरचा तो ओशाळा फोटो माझा, असं मी इतरांच्या भरवशावर मान्य करते.

आमच्या खाडीवर पूर्वी 'तर' होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. होडीत किती माणसं चढली हे तारी मोठ्यानं मोजायचा, कारण जास्त झाली तर उलटायची भीती. "अकरा झाली, चला!" म्हणायचा आणि काठी टेकायचा. बारावा तो स्वतः. त्याच सुमारास देवळात सप्त्याला बुवांनी कीर्तनात दहा जणांची गोष्ट सांगितली. वेदान्ती लोक ती शंकराचार्यांच्या काळापासून सांगत आलेत. दहा जण नदी पार करतात, सगळे सुखरूप आले का म्हणून एकेक जण मोजतो, आणि प्रत्येकाची मोजणी नवावर थांबते. दहावा बुडाला म्हणून रडारड. शेवटी एक वाटसरू येतो, मोजतो आणि मोजणाऱ्याकडेच बोट करून म्हणतो, दहावा तू. बुवांनी हे ठसक्यात सांगितलं आणि मी पुढच्या रांगेतून ओरडले, "आमचो तारी पण असोच मोजता!" सगळं देऊळ हसलं. तारीही तिथेच होता.

ती गोष्ट मला आत्ता आठवली याचं कारण अण्णा. त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं ते ज्या सकाळी, त्या सकाळचं सांगायचं राहिलंच. मी माजघरातून बाहेर आले तर पडवीच्या लादीवर लाल ठसे. खळ्यातून पायरीवर, पायरीवरून पडवीत, तिथून पाण्याच्या माठाकडे आणि परत झोपाळ्याकडे. पाचही बोटं स्पष्ट उमटलेली. अण्णा झोपाळ्यावर बसून त्या ठशांकडे काळजीनं बघत होते.

"कोणाच्या पायाक लागला बघ," ते म्हणाले. "काकी इल्ली काय? तुझो पाय बघू."

मी माझे दोन्ही तळवे त्यांना दाखवले. कोरडे होते. काकी आलेली नव्हती. अण्णांनी शेजारच्या पोरांची नावं घेतली, मग सकाळी नारळ पाडायला आलेल्या माणसाचं. घरात आणि घराबाहेर जेवढी माणसं त्यांच्या ध्यानात येत होती त्या सगळ्यांचे पाय त्यांनी मनात तपासले. त्यांचा डावा पाय झोपाळ्याखाली लोंबत होता आणि टाचेवरून थेंब पडत होते.

मला बोलता येईना. मी बोट दाखवलं.

त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "अरे," म्हणाले, "हो तर माझोच." ते इतक्या परक्या आवाजात की जणू टपालात भलत्याच पत्त्यावर आलेलं काही त्यांनी उलटून पाहिलं होतं आणि त्यावर आपलंच नाव निघालं होतं.

काच होती. दीड सेंटिमीटर आत गेलेली. जखम भरायला सात आठवडे लागले.

आता त्यांनी अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा. मऊ तळाचे बंद बूट, घालण्यापूर्वी आत हात फिरवून बघायचा, रात्री तळव्यांखाली आरसा धरून तपासायचं. हे सगळं ते करतात. आरसा धरणं मला बघवत नव्हतं, मग सवय झाली. ते पलंगावर बसून तळव्याकडे बघतात, ओळखीच्या पण बऱ्याच दिवसांत न भेटलेल्या माणसाकडे बघावं तसे, आणि मोठ्यानं सांगतात, "काय नाय. ठीक आसा."

गेल्या रविवारी म्हणाले, समुद्रावर जाऊया. गेलो. सुकती होती, ओली वाळू लांबवर आरशासारखी. मग म्हणाले, बूट काढतंय. मी नाही म्हटलं. ते वाळूवर बसले आणि गप्प राहिले. त्यांच्या गप्प बसण्यापुढे आईचंही कधी काही चाललं नव्हतं.

मी माझ्या चपला काढल्या. पाण्याच्या कडेला दोन माणसं उभी राहतील एवढी जागा बघितली आणि तिथे टाच दाबून, चवडा फिरवत, अर्धी अर्धी वीत सरकत ती सगळी पायांनी बघून घेतली. एक शिंपला लागला, एक काडी, दोन खडे. ते उचलून लांब फेकले. परत एकदा, आडव्या दिशेनं. काही नव्हतं. मग अण्णांचे बूट काढले आणि त्यांना हाताला धरून तिथे नेलं.

लाट आली, घोट्यांवरून गेली. परत जाताना ती टाचांखालची वाळू ओढते, तशी तिनं ओढली. माझ्या टाचा खचल्या. अण्णा खाली बघत होते, आणि मागे जाणाऱ्या पाण्याकडे बघता बघता त्यांचा तोल जायला लागला. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"आपण सरकतंव काय?"

"नाय. पाणी सरकता."

त्यांना ते पटलं नसावं. दुसरी लाट आली तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर सगळा भार टाकला आणि डोळे मिटले. मी पाय रोवून उभी राहिले.

"गेली?"

"गेली."

"पाय?"

"आसत. थंयच."

त्यांनी एक डोळा उघडून बघून घेतलं, आणि परत मिटला.